आकडा सांग

बसा इथे पायरीवर. गाड्या धुऊन झाल्या, होज गुंडाळून झाले, आणि झोप काही तुम्हाला येत नाहीये. मग ऐका. ही ऐकीव गप नव्हे. ज्याच्यावर गुदरली, त्याच्याच तोंडून मी ऐकली आहे. तीही एकदाच. पुन्हा विचारलं तर तो विषय बदलायचा.

त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत कधी शिकवलं नाही हो त्याने, होता आपल्यासारखाच फायरमन. पण विषारी वायू सुटला की आत कोण गेलं, किती वाजता गेलं, पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा किती, हे फळ्यावर लिहीत बाहेर उभं राहायचं काम त्याचं. हातात फळा आणि खडू, म्हणून मास्तर.

फेब्रुवारीची अकरा तारीख, मंगळवार. संध्याकाळी मास्तर रिकामे सिलिंडर भरून आणायला गेला होता. गाडीत शेजारी त्याचा सख्खा धाकटा भाऊ. तोही याच स्टेशनवर, चार वर्षांपासून. त्याला आम्ही धाकटाच म्हणायचो. भरलेल्या बाराही सिलिंडरचे काटे मास्तरने स्वतः वाकून पाहिले, तेव्हा धाकटा त्याला म्हणाला की दादा, वहिनीने चहात साखर किती घातली तेही तू मोजत असशील. मास्तर हसला. पण स्टेशनचं फाटक आलं तसं त्याने नेहमीचं बजावलं, की आता दादा घरी. इथे मास्तर.

त्यामागे कारण होतं. दोघं एकाच पाळीत असणं आईला मुळीच पसंत नव्हतं. माझी दोन्ही पोरं एका वेळी आत गेलेली मला चालणार नाहीत, असं तिने बजावून ठेवलं होतं. मास्तर तिला समजावायचा, की अगं, मी आत जातच नाही. मी बाहेर उभा राहतो आणि ह्याला मोजून परत घेतो. आणि भाऊ होऊन नीट मोजता येत नाही, म्हणून ड्यूटीवर दादा नको.

रात्री एक वाजून छत्तीस मिनिटांनी फोन आला. गावाबाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाचा पाइप फुटला होता.

ड्रायव्हर नवा होता, गाडी थेट फाटकाशी नेत होता. शेजारी बसलेल्या आमच्या स्टेशनच्या साहेबांनी ती चारशे पावलं आधीच थांबवली. खाली उतरले, खिशातला रुमाल काढून हातात धरला, तो कुठे उडतो ते पाहिलं. वारा आमच्या पाठीकडून कारखान्याकडे वाहत होता. म्हणजे उभं राहायला जागा बरोबर होती. पलीकडच्या बाजूला आठ-दहा घरं होती, ती रिकामी करायला साहेबांनी पोलिसांना पाठवलं.

समोर ते दिसत होतं. दुधासारखं पांढरं धुकं दाराखालून निघून जमिनीलगत सरपटत होतं. मधेच वारा पडला की इतक्या लांबूनही नाकाला झोंबायचं.

तेवढ्यात कारखान्याचा मॅनेजर धावत आला. पायात दोन वेगवेगळ्या चपला. रात्रपाळीचा ऑपरेटर आत राहिलाय, एकटाच आहे, लवकर जा, म्हणून तो रडायला लागला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "जातो. पण धावत नाही जात. आम्ही पडलो तर त्याला कोण काढणार?"

आत जायला दोघं तयार झाले, धाकटा आणि पैलवान. पैलवान म्हणजे आमचा तो आडदांड गडी, दारातून जाताना तिरकं व्हावं लागायचं. अंगभर वायुबंद पोशाख, आत मुखवटा, पाठीवर हवा. आणखी दोघं तसाच पोशाख चढवून बाहेर राखीव बसले, आत काही घडलंच तर धावायला. अमोनियाचं तळं साचलं होतं त्यावर पाणी मारायचं नव्हतं, कारण पाणी पडलं की ते जास्तच उकळतं. म्हणून फवारा नुसता धुक्यावर, पलीकडच्या बाजूने. पुढे, फाटकाच्या थोडं अलीकडे, रस्त्यावर एक दोरी आडवी बांधली. दोरीच्या पलीकडे पोशाखाशिवाय कुणी नाही. साहेबसुद्धा नाहीत.

मास्तरने फळ्यावर लिहिलं. दोन वाजून नऊ मिनिटं. पैलवान दोनशे ऐंशी, धाकटा दोनशे नव्वद. हे हवेच्या दाबाचे आकडे. आणि आपला नियम तुम्हाला माहीत आहे. आतून रेडिओवर कुणीही बोललं की आधी आकडा. मग बाकीचं.

दोन चौदा. पैलवानाचा आवाज आला. "पैलवान दोनशे वीस, धाकटा दोनशे तीस. मशीनच्या खोलीत शिरतोय." मास्तरने लिहिलं.

साहेब फवारा पाहायला पलीकडे गेले. दोरीपाशी मास्तर उरला. वीस पावलांवर राखीव जोडी बसलेली.

दोन वाजून एकोणीस मिनिटं. रेडिओ खरखरला.

"दादा."

धाकट्याचा आवाज. मास्तरला आधी रागच आला, ड्यूटीवर दादा म्हणाला म्हणून.

"दादा, मी पडलोय. टाकीच्या मागे."

"आकडा सांग," मास्तर म्हणाला.

काही नाही. नुसती खरखर.

"तू ये."

मास्तरने पैलवानाला हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. नाही. भिंती जाड, मधे लोखंड, रेडिओ कधी कधी दबतो. हे त्याला माहीत होतं. तरी त्याचा खडू बोटातच मोडला. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, असं तो मला म्हणाला. दार उघडून उभी असलेली.

राखीव जोडीला खूण करायला त्याने हात उचलला. नुसता उचलला. तोंडातून शब्द काढला नव्हता.

"त्यांना नको पाठवू," रेडिओ म्हणाला. "तू ये."

हात तसाच राहिला.

...

काय रे, मागे वळून काय बघतोस? कुणी नाही तिथे. ऐक.

मास्तरचा एक पाय दोरीच्या पलीकडे पडला होता. कधी टाकला, त्याला कळलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वायूमुळे म्हणा, कशामुळेही म्हणा. अंगावर साधा शर्ट. तोंडावर काही नाही. अजून चाळीस पावलं गेला असता, तर पडला असता. आणि मग त्याला काढायला दुसरे दोघं गेले असते.

"ये ना, दादा."

आवाज तोच. लहानपणी ताप आला की धाकटा जसा हाक मारायचा, अगदी तसाच.

आणि तेव्हा मास्तरच्या कानाला एक गोष्ट खटकली. मुखवट्यातून माणूस बोलतो तेव्हा प्रत्येक शब्दाच्या मागे-पुढे श्वास ऐकू येतो. फुस्स... फुस्स... पडलेला, घाबरलेला माणूस तर जास्तच हवा ओढतो. इथे शब्द येत होते. मधे काही नव्हतं.

श्वासच नव्हता.

मास्तरने पाय मागे घेतला. दोरीच्या अलीकडे. रेडिओ तोंडाशी धरला.

"आकडा सांग, बाळा. आकडा सांग, मग येतो."

मास्तर हातातल्या फळ्याकडे बघत उभा राहिला.

किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. मिनिटं मोजणाऱ्या माणसाला तेवढंच सांगता आलं नाही.

मग एकदम पैलवानाचा आवाज फुटला. धापा टाकत. प्रत्येक शब्दामागे फुस्स. "पैलवान शंभर, धाकटा एकशे वीस. माणूस सापडला. जिवंत आहे. बाहेर येतोय."

धुक्यातून दोन आकृत्या आल्या. मधे स्ट्रेचर. मास्तरने मोजलं. एक... दोन. पुन्हा मोजलं. दोनच. पुढचा आडवा-तिडवा पैलवान. मागचा धाकटा. तो डावा पाय किंचित ओढत चालतो, चालण्यावरून ओळखू येतो.

ऑपरेटरला पाण्याने धुऊन अॅम्ब्युलन्समध्ये घातलं. मग हे दोघं पाण्याखाली उभे राहिले, मुखवट्यांसकट. पोशाखावरचं विष धुऊन निघाल्याशिवाय मुखवटा काढायचा नसतो. घाईने काढणारे बाहेर येऊन मेलेत. धाकटा मास्तरपासून पाच पावलांवर होता. काचेतून त्याचे डोळे दिसत होते. तोंड बंद.

मास्तरच्या हातातला रेडिओ खरखरला. अगदी हळू.

"दादा... मी अजून आत आहे."

समोर धाकट्याने हात वर केला. बगलेत पाणी घेण्यासाठी. त्याचं तोंड हललं नव्हतं.

मास्तरने फळ्यावर दोघांची बाहेर येण्याची वेळ लिहिली. दोन सव्वीस. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, याचं त्याला नंतर फार नवल वाटलं.

मुखवटा निघाल्यावर धाकट्याचं पहिलं वाक्य काय, तर त्याने माफी मागितली. मास्तर, माझ्या रेडिओची वायर दारातच निघाली होती, पोशाखाच्या आत हात घालता येईना, म्हणून सगळं पैलवानच बोलला. मी आत एक शब्दही बोललो नाही.

मास्तरने राखीव जोडीकडे पाहिलं. त्यांचे रेडिओही त्याच वाहिनीवर होते. त्यांनी एवढंच सांगितलं, की तुम्ही आकडा सांग, आकडा सांग म्हणत होता. कुणाला, ते त्यांना कळलं नव्हतं. समोरून त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

ऑपरेटर वाचला. डोळे महिनाभर बांधलेले होते, पण दिसायला लागलं.

चारच्या सुमाराला राखीव जोडी आत गेली आणि तिने व्हॉल्व्ह बंद केला. धुकं विरळ झालं. साहेबांनी मॅनेजरला पुन्हा विचारलं, की आत अजून कुणी असू शकेल का. मॅनेजरने हजेरीचं रजिस्टर दाखवलं, फाटकावरच्या वॉचमनला पुढे उभं केलं. रात्री एकच माणूस आत गेला होता. तो तर निघाला होता. कारखाना उभा राहिल्यापासून तिथे कुणी दगावल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. तरी मास्तर साहेबांजवळ गेला आणि म्हणाला, टाकीच्या मागे बघून यायला सांगा. का, ते त्याने सांगितलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही.

जोडी आतच होती. साहेबांनी रेडिओवर सांगितलं. सगळे वाट पाहत उभे राहिले. धाकटा ब्लँकेट पांघरून मास्तरच्या शेजारी.



मग आतून आकडे आले. एकशे साठ, एकशे पन्नास. आणि मग जोडीतला थोरला थांबत थांबत बोलू लागला.

टाकीच्या मागे कुणी नाही, म्हणाला. गळतीच्या गारठ्याने तिथली फरशी गोठलीय. भिंतीपासून भिंतीपर्यंत बोटभर पांढरा थर बसलाय, मीठ पसरल्यासारखा... फक्त मधे एक जागा काळी आहे. कोरडी. माणसाएवढी. कुशीवर निजल्यासारखी, गुडघे पोटाशी घेतलेले. एक हात दाराकडे लांब केलेला.

साहेबांनी विचारलं, तिथून कुणी उठून गेल्याची खूण आहे का.

आतून नुसता श्वास ऐकू येत राहिला. फुस्स... फुस्स...

मग तो म्हणाला, "नाही साहेब. थर चारी बाजूंनी अखंड आहे. जाणारं पाऊल नाही... आणि येणारंही नाही."