जावईबापूंची ॲलर्जी

घशाचे डॉक्टर शेजारच्या खोलीत बसतात, असं दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. तरी तो नेमका तिच्या खोलीत शिरला आणि नमस्कार म्हणायच्या आत लागोपाठ शिंकत सुटला. टेबलावरचे कागद उडाले. ती वैतागलीच. पण माणसाचं नाक चोंदलेलं, छातीतून बारीक शिटी येतेय... आणि तिला असाच एक माणूस कमी पडत होता.

ती दवाखान्याच्या संशोधन विभागात समन्वयक होती. धुळीच्या ॲलर्जीने होणाऱ्या सर्दी-दम्यावर नाकात मारायचा नवा फवारा आला होता, त्याची चाचणी चालली होती. कोणाच्या बाटलीत खरं औषध आणि कोणाच्या बाटलीत नुसतं खारट पाणी, हे शिंकणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं.

“बसा,” ती म्हणाली. “धूळ सोसत नाही ना?”

“मला घशाचे डॉक्टर—”

“घशाला धाड भरलेली नाही तुमच्या. नाक आहे ते. करता काय तुम्ही?”

“रेडिओवर बातम्या वाचतो.”

“या आवाजात?”

“हा माझा आवाज नाही,” तो रुमालाआडून म्हणाला. “माझा आत अडकलाय. लवकर निघाला नाही तर सकाळच्या बातम्या दुसऱ्याला देणार आहेत.”

त्यानंतर ती त्याला मनातल्या मनात ‘निवेदक’ म्हणू लागली. त्याच्या हातावर ॲलर्जीची तपासणी केली तर धुळीच्या ठिकाणी गांधी उठली आणि मांजराच्याही ठिकाणी उठली. घरी मांजर आहे का, असं तिने नियमाप्रमाणे विचारलं. नाही, म्हणाला. तिने त्याला चाचणीत घेऊन टाकलं.

आणि मग सुरू झाला डोक्याला ताप.

आठवड्याला एकदा तिने त्याला फोन करायचा असे. फोनवर गृहस्थ ठणठणीत. शिंक नाही, खोकला नाही, आणि आवाज तर... हिवाळ्यात कोणी अंगावर गोधडी घालावी तसा. ‘त्रास किती?’ एवढंच विचारायचं असायचं, पण तिला प्रश्न पुन्हा विचारावा लागे, कारण पहिलं उत्तर ऐकताना तिचं लक्षच नसे. हाच माणूस तपासणीला आला, तिच्यासमोर बसला, की डोळे लाल, नाक गळतंय आणि छातीत शिटी. श्वासाचा जोर मोजायच्या फुंकनळीत फुंक मारायला सांगावं तर काटा जागचा हलायचा नाही.

“जोर लावा जरा,” ती म्हणायची.

“लावतोय... तुम्ही अशा रोखून बघता, श्वास कुठून घेऊ?”

“मी काट्याकडे बघतेय.”

“हं. काटा नशीबवान आहे.”

हसायची सोय नव्हती. समन्वयकाने चेहरा कोरा ठेवायचा, रुग्णाशी सलगी करायची नाही, असा नियम होता. तिने चेहरा इतका कोरा ठेवला की गाल दुखले.

शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांनी, आकडे पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. “घरी बरा, इथे आजारी. एक तर हा तिथे थापा मारतोय, नाही तर इथे नाटक करतोय. पुढच्या वेळी नीट उत्तर मिळालं नाही तर याला काढून टाक.”

काढून टाकलं म्हणजे फवारा बंद, आणि फवारा बंद झाला की सकाळच्या बातम्याही गेल्या. तिला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. एका नाक गळणाऱ्या माणसापायी आपली झोप उडावी, म्हणजे हद्द झाली.

तो आला. बाहेर पाऊस रिमझिमत होता, केसांवर थेंब होते. खुर्चीत टेकला आणि शिंकला.

“पुरे झालं नाटक,” ती म्हणाली. “फोनवर कसे बरे असता? इथे आलात की काय होतं तुम्हाला?”

“काय होतं ते सांगू?” तो म्हणाला, आणि पुन्हा शिंकला.

“मी गंमत करत नाहीये. तुम्हाला काढून टाकणार आहेत.”

त्याचा चेहरा उतरला. “मी खोटं बोलत नाही हो. निदान तुमच्याशी तरी नाही.” त्याने फुंकनळी उचलली, वाकला आणि तसाच थांबला. तिच्या स्वेटरच्या बाहीवर पिवळसर तांबूस केस होता. एकच नव्हे, चांगले पुष्कळ होते. “तुमच्या घरी... तांबूस केसांचं कोणी आहे?”

“आहेत ना. जावईबापू,” ती सवयीने बोलून गेली.

त्याने फुंकनळी खाली ठेवली. “अच्छा,” तो म्हणाला. “म्हणजे... लग्न झालंय तुमचं. मला कल्पना नव्हती.”

“कोणाचं लग्न? बोका आहे तो. दिवसभर खुर्ची अडवून बसतो, काडीचं काम करत नाही आणि वर दूध मागतो, म्हणून आत्या त्याला जावईबापू म्हणते. रात्री माझ्या स्वेटरवरच...”

तिचं वाक्य तिथेच राहिलं. तिने बाहीकडे पाहिलं, मग त्याच्या लाल नाकाकडे. घरी मांजर आहे का, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारत आली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. स्वेटर धुऊन टाकला असता, तो येत राहिला असता. पण त्याचे खोटे ठरलेले आकडे तसेच राहिले असते. ती उठली आणि तडक मोठ्या बाईंकडे गेली.

मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारला. “चोवीस तास ॲलर्जीत काम करतेस आणि बोका अंगावर घेऊन येतेस? धन्य आहे.” त्याला काढलं नाही, झाली ती चूक लिहून वर कळवली. पण तिला त्याच्यापासून काढलं. यापुढे त्याची तपासणी दुसरी समन्वयक करणार, फोनही तीच करणार होती.

सकाळी आत्या रेडिओ लावायची. एके दिवशी बातम्या सुरू झाल्या आणि तिच्या हातातला चहा तसाच निवला. स्वच्छ, मोकळा आवाज, एकही अक्षर न अडखळता. तिच्या बोक्यापासून लांब गेल्यावरचा आवाज.

“पूर आलाय म्हणतोय तो,” आत्या म्हणाली. “तू हसतेस काय? आणि आता रडतेस काय?”

“ॲलर्जी आहे,” ती म्हणाली.

चाचणी संपली. संपली त्याच संध्याकाळी ती बाहेर पडली तर तो फाटकापाशी छत्री घेऊन उभा, बेताचं अंतर राखून.

“जवळ येऊ नका,” ती चिडून म्हणाली. “बोका आहे अजून. त्याला मी कोणासाठी सोडणार नाही, आधीच सांगते.”

“सोडा म्हटलंय कोणी?” त्याने शर्टाची बाही वर केली. दंडावर सुईची ताजी खूण होती. “मांजराच्या ॲलर्जीची इंजेक्शनं सुरू केलीत. आज पहिलं घेतलं.”

तिला तो उपचार तोंडपाठ होता. “वेड लागलंय का? निदान तीन वर्षं घ्यावी लागतात ती.”

“डॉक्टरांनी सांगितलं. मी म्हटलं, चालेल... मला घाई नाही. मुक्काम मोठाच करायचाय.”

“एका बोक्यासाठी तीन वर्षं?”

“बोक्यासाठी कोण घेतंय,” तो म्हणाला.

आता चेहरा कोरा ठेवायचं कारण उरलं नव्हतं. तिने स्वेटर काढला, घडी करून पिशवीत कोंबला आणि पावसात कुडकुडत त्याच्या छत्रीखाली गेली. तो शिंकला नाही. श्वास रोखून धरला होता, हे तिला लगेच कळलं.

“सोडा श्वास,” ती म्हणाली. “आणि घरी चला. आत्याला सांगायचंय, बोक्याचं नाव बदलावं लागेल.”