छातीतला माग

अडुसष्टाव्या वर्षी मला कळलं की माझ्या काळजाला भोक आहे, आणि ते जन्मापासूनच आहे. पुतणीच्या लग्नात मंगल कार्यालयाचा जिना चढताना मी मधल्याच पायरीवर बसलो. प्रज्वलनं, म्हणजे माझ्या मुलानं, मला धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं आणि तिथे पडद्यावर ते दिसलं. काळजाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत, चोवीस मिलिमीटर. आवळ्याएवढं म्हणा.

गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत ही बातमी माझ्या आधी पोचली. शेजारचा चंद्रभान ओट्यावर बसून म्हणाला, "तरीच म्हटलं, बाबनरावच्या पोटात गोष्ट काहून राहत नाही! वरूनच गळून राहिली ना गा!"

त्याला बोलायचा हक्क आहे. चाळीस वर्षं मी त्याच ओट्यावर बसून लोकांना ऐकवलंय, की माझ्या आज्यानं विणलेलं धोतर इतकं झिरझिरीत असायचं की वाळत घातल्यावर सापडायचं नाही. मग आजी दोरीखाली पीठ उधळायची आणि पीठ जिथे हवेत अडकेल तिथून धोतर काढून घ्यायची. थाप कशी विणतात ते मला ठाऊक आहे. पुढे सांगतो त्यात मी एक धागा पदरचा घातलेला नाही. घालायला आता काही सुचतच नाही. घोटाळा तोच आहे.

माझी बायको भागीरथा उमरेडची, विणकराच्या घरची. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या छातीवर कान ठेवून ती म्हणाली होती, "अगं माय, तुमच्या छातीत तं माग चालून राहिला!" खट्, मग सर्र, मग खट्. धोटा इकडून तिकडे जातो तसा. ती बापाच्या मागाशेजारी झोपून वाढलेली पोर. आमच्या आतल्या खोलीतही माग होता. शहाण्णव साली तो मोडून विकला आणि मी इतवारीत एका कापडाच्या दुकानात लागलो. ती रडली नाही. म्हणाली, "एक तं चालू आहे ना." रोज दुपारी जेवण झालं की उजवा कान माझ्या छातीवर ठेवून ती तासभर झोपायची. चव्वेचाळीस वर्षं. मशीनला जे आता सापडलं, त्यावर ती रोज झोपत होती.

बाई स्वभावानं गरीब, पण दोन गोष्टी तिला सहन होत नाहीत. ताटात अन्न टाकणं आणि रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणं. मी मोरीकडे गेलो तरी मागून बटण बंद झाल्याचा आवाज यायचा.

दवाखान्यातल्या भैरवी मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी नमुना म्हणून भोकात बसवायची ती वस्तू माझ्या हातात दिली. बारीक तारेच्या विणलेल्या दोन चकत्या आणि मधे कंबर. जांघेतल्या शिरेतून नळी घालायची, एक चकती भिंतीच्या पलीकडे उघडायची, एक अलीकडे. मी खिशातला चष्मा काढून वीण पाहिली. चांगली होती.

"ह्याच्यावर सहा महिन्यांत तुमच्या शरीराचं अस्तर चढेल, काका," त्या म्हणाल्या.

"म्हणजे ताणा तुमचा, बाणा माझा."

त्या हसल्या. मी विचारलं, "पण मॅडम, सुलटी बाजू कोणती? आमच्यात कापडाले भोक पडलं का आधी सुलटी बाजू पाहून घेतात. मग कापड पालथं करून मागून भरतात. सुटलेली टोकं मागं राहिली पाहिजेत ना. ती मग कापून टाकता येतात."

"काळजाला सुलटी-उलटी नसते हो, काका."

"पाहून तं घ्या," मी म्हणालो. सही करून झाली होती. त्या दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

मे महिन्याच्या तीन तारखेला ते झालं. दोन दिवसांत घरी. टाका नाही, कापाकापी नाही, जांघेत एक निळा डाग तेवढा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि वजन उचलायचं नाही. घरी आल्यावर पहिल्याच दुपारी भागीरथा नेहमीसारखी माझ्या छातीवर कान ठेवून आडवी झाली. थोड्या वेळानं तिनं डोकं उचललं, जागा बदलली, पुन्हा ठेवलं. मग उठून बसली.

"काहून वं?"

"बंद पडला," ती म्हणाली.

"बंद नाही पडला. दुरुस्त झाला."

"हो ना," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून जागी पडून राहिली.

पुढचे सात दिवस ती दुपारची झोपली नाही. रात्रीचीही नाही. डोळ्यांखाली काळं धरलं. आणि मी? मला बरं वाटायला हवं होतं. जिना चढलो तरी दम लागत नव्हता. पण भागीरथानं पाटोडीचा रस्सा केला, प्रज्वलच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला तो कोमट पाण्यासारखा लागला. चंद्रभान ओट्यावर येऊन म्हणाला, "हाणा एखादी!" मी तोंड उघडलं आणि धोतराची गोष्ट मला आठवली ती रेशनकार्डावरचा पत्ता आठवावा तशी. सांगितली. तो हसला नाही. मलाही त्याचं काही वाटलं नाही. बायको झुरते आहे हे मला दिसत होतं, कळत होतं. छातीत मात्र काही हलत नव्हतं. एवढंच हवं होतं, की ती पुन्हा माझ्यापाशी झोपावी. तेही हवं आहे हे मी आठवून ठेवल्यासारखं ठेवलं होतं.

आठव्या दिवशी मीच माझी उशी बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आणली. म्हटलं, माझ्या कुशीवर वळण्यानं तरी तिची झोप मोडू नये.

नवव्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, लाइट गेली. त्या आठवड्यात ती रोजच जात होती. पारा पंचेचाळीसवर, सगळ्या गल्लीचे कुलर एकदम चालू. आतल्या खोलीतल्या कुलरची घरघर थांबली, माझ्या डोक्यावरचा पंखा हळू होत थांबला, आणि एकदम शांत झालं. वाळ्याचा वास तेवढा राहिला.

आणि आतून आवाज आला. खट्. सर्र. खट्.

मला आधी मागच्या गल्लीतला पॉवरलूम वाटला. मग लक्षात आलं, लाइट नाही.

मी हिशेबी माणूस आहे. दिवाणावर पडूनच, भिंतीवरच्या सेलच्या घड्याळावर मी तो आवाज मोजला. मिनिटाला ब्याऐंशी. मग प्रज्वलनं आणलेलं ते बोटाला लावायचं यंत्र लावलं. माझे ठोके चौसष्ट. उशाची फाइल उघडली. ऑपरेशनच्या आधीच्या कागदावर लिहिलं होतं: ब्याऐंशी.

उठून आतल्या खोलीच्या दारात गेलो. आवाज थांबला. भागीरथा गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, उजवा कान खाली. माझ्या बाजूच्या अर्ध्या गादीवर उशी नव्हती. ती मी बाहेर नेली होती. तरी तिचा गाल गादीला टेकलेला नव्हता. चार बोटं वर होता.

मी परत येऊन दिवाणावर बसलो. भीती वाटायला हवी, असं मनात आलं.

त्या दिवसापासून तिची तब्येत सुधारली. डोळ्यांखालचं काळं गेलं. केसांना तेल लावायला लागली. चंद्रभानच्या बायकोजवळ मला ऐकू येईल असं म्हणाली, "आता पहिल्यासारखे झाले हे." तीन-चार दिवसांनी दुपारी ती आत खदखदून हसली. बाहेर आली ती पदरानं डोळे पुसत.

"काय झालं वं?"

"काय झालं म्हणे! स्वतःच सांगायचं न् स्वतःच विचारायचं!"

"काय सांगितलं मी?"

"ते तुमच्या मामाचं. हातपंपावर मिरची वाटून प्यायले ते, आन् मग घामानंच सतरंजी रंगली ते." पुन्हा तिला हसू फुटलं. "काय फेकता गा तुम्ही! या वयात!"

मला असा मामा नाही. पण गोष्ट माझी होती. गोष्टीत सतरंजी कुठे आणायची, ती खुबी माझी होती. आणखी एखाद्या वर्षानं मला ती सुचली असती, हे मला पक्कं कळलं.

महिना झाल्यावर तपासणीला गेलो. भैरवी मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. "फर्स्ट क्लास, काका. बघा, आता इकडचं तिकडे काही जात नाही."

"आन् तिकडचं इकडे?"

"तेही नाही."

"पलीकडे काही राहून गेलं असलं तं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मन उदास राहतं का, काका? पुष्कळांना होतं तसं. सांगत चला मला."

मी नाही म्हणालो. उदास नव्हतो. उदास व्हायलाही आत कुणीतरी लागतं.

त्या दुपारी मी ठरवलं, आपली जागा आपण धरायची. जेवण झाल्याबरोबर आतल्या खोलीत जाऊन माझ्या बाजूला आडवा झालो. फरशी जिथे वेगळ्या रंगाची आहे, तिथेच पूर्वी मागाचा, पाय सोडून विणायला बसायचा खड्डा होता. त्यावरच आमची गादी असते. भागीरथा भांडी घासून आली, बसली, आडवी झाली. या कुशीवरून त्या कुशीवर झाली. शेवटी उठून, पाहुण्याशी बोलावं तशी अदबीनं म्हणाली, "तुम्ही बाहेर टेका जराक. ते आले का मले झोप लागते."

"कोण ते?"

"हं?" ती गोंधळली. कपाळावर हात ठेवून उभी राहिली. "काय म्हटलं मी? उन्हानं डोक्स काम नाही करून राहिलं." मग माझी उशी उचलून तिनं स्वतःच दिवाणावर नेऊन ठेवली. नीट थोपटून ठेवली.

मी बाहेर गेलो. संध्याकाळी तिनं चहा केला. दोन कप. एक आपल्यासमोर ठेवला, एक समोरच्या रिकाम्या पाटासमोर. मी दारात उभा होतो. बऱ्याच वेळानं तिचं लक्ष गेलं. "अगं माय, तुम्हाले देतो ना," म्हणून तिनं तिसरा ओतला.

प्रज्वलला मिहानमध्ये, त्याच्या कंपनीत फोन लावला. म्हटलं, आईला एकदा दाखवून आणू. तो म्हणाला, "बाबा, आता दहा मिनिटांपूर्वी तर बोललो आपण. तुम्हीच म्हणालात ना आई मस्त आहे म्हणून. मजा करून राहिले का?"

"हो," मी म्हणालो.

काल दुपारी पुन्हा लाइट गेली. दोन वाजून दहा मिनिटं.

पंखा थांबला. कुलर थांबला. खट्, सर्र, खट्.

मी मोजलं नाही.

या वेळी पहिल्यांदा आवाजाबरोबर बोलणंही ऐकू येत होतं. शब्द नव्हे, चाल. बोलताना मी मधेच खाकरतो, तसं खाकरणं. भागीरथा हसत होती.

"मग? मग काय झालं गा त्या म्हाताऱ्याचं?"

मी दिवाणावरून उतरलो आणि दाराला कान लावला.

"म्हणजे त्याले ठाऊकच नाही?" तिनं विचारलं. "बाहेरच्या खोलीत बसून राहते, न् त्याले वाटते का मीच तो?"

आतून काहीतरी उत्तर आलं. ती पोट धरून हसली.

"बाप्पा! आन् बायकोले कळत नाही?"

उत्तर.

"आता कळलं म्हणता? बरं. मग पुढं?"

माझ्या गोष्टी ऐकलेल्या कोणालाही विचारा. शेवट सांगायच्या आधी मी थांबतो. पानाची डबी उघडतो, झाकतो. ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवतो.

आत डबीचं झाकण उघडलं. लागलं.

मी खिसा चाचपला. डबी नव्हती.

"सांगा ना गा," भागीरथा म्हणाली.

तेवढ्यात लाइट आली. कुलरची घरघर सुरू झाली आणि त्यात सगळं बुडालं. माझ्या डोक्यावरचा पंखाही फिरायला लागला. मी दारापासून मागे झालो आणि दिवाणावर येऊन बसलो.

दार उघडलं. भागीरथा बाहेर आली. अजून हसत होती. तिनं खोलीभर पाहिलं. दिवाणावरही पाहिलं.

मग हात वर करून तिनं पंखा बंद केला, आणि आत गेली.