पाकळ्यांचा ल

हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी संगणक शिकवते. मागच्या वर्षी मराठीच्या सुजाताबाई वारल्या आणि मराठी शिकवणंही माझ्याच गळ्यात पडलं. यंदा शाळेला एक रोबो मिळाला. थाळीएवढा, चाकांवर फिरणारा, पोटात स्केचपेन धरणारा. संगणकावरून हुकूम दिला की जमिनीवरच्या कागदावर रेघा ओढतो. मी त्याला मुळाक्षरांना जुंपलं.

पाचवीतली दीक्षा बोलायला पटाईत, लिहायच्या नावाने शून्य. तिचे वडील उत्तमराव सिकंदराबादला रेल्वेत आहेत. ते स्पष्टच म्हणाले, "चाचणीत नापास झाली तर काढून घेतो, बाई. मग हितं कायकू ठेवायची?" आधीच मूठभर पोरं; ही गेली की वर्ग बंद. मला तो वर्ग जिवापाड हवा होता.

पहिल्याच दिवशी दीक्षा खुदकन हसली. "बाई, तुमचा ल हिंदीतला आहे!"

खरंच की. हैदराबादेत वाढलेली मी, सवयीने दांड्याचा ल भरून बसले होते. उद्या बदलू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी काही बदलायच्या आतच रोबोने ल काढला. मराठी, दोन पाकळ्यांचा, ठसठशीत. पडद्यावर हुकूम मात्र माझेच होते, दांड्याचे. सगळं पुसून पुन्हा भरलं. पुन्हा पाकळ्याच. आता तो प्रत्येक अक्षरानंतर थांबायचा, दीक्षाने गिरवलं की पुढे सरकायचा.

"याला हे कोणी शिकवलं गं?"

"सुजाताबाईंनी. परवा आल्या होत्या की."

मला हायसं वाटलं. आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीचं लग्नसुद्धा 'परवा'च झालेलं असतं. पोरगी मागच्या वर्षीचं सांगत असणार.

मग लक्षात आलं, तेव्हा रोबो नव्हताच.

मी भ्याले. सरळ बॅटरी काढून कपाटात ठेवली. त्या दिवशी दीक्षाला स्वतःचं नावही लिहिता येईना. पेन्सिल धरून नुसती रडत बसली.

चाचणी तोंडावर आली होती. मी बॅटरी परत बसवली.

दीक्षा पास झाली. उत्तमराव पेढे घेऊन आले, वर्ग राहिला. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. रोबो कागदाच्या कडेला थांबून होता.

"दीक्षा, परवा म्हणजे नक्की कधी गं?"

तिने मान वर केली नाही.

"बाई, जरा सरका ना. त्यांना कागद दिसत नाहीये."

मी सरकले.