गुण्यांचा ण

अख्ख्या कल्याणात शुद्ध बोलणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, याबद्दल त्र्यंबक गुणे मास्तरांना शंका नव्हती. बाकी सगळा आनंदच होता. बाजारातले व्यापारी निम्मं गुजराती बोलत, शाळेतले सहकारी अर्धी अक्षरं गिळत, आणि भांडी घासायला येणाऱ्या शहाडच्या गोदूबाईबद्दल तर बोलायलाच नको. चोपन्न साली रेडिओला निवेदक हवे होते. मास्तरांना आवाजाच्या चाचणीचं बोलावणं आलं. ही नोकरी मिळाली की या गावंढळांत राहायला नको, असं ते पत्नीला, उत्तराबाईंना, उठताबसता ऐकवू लागले.

पाहुणे आले की ते गोदूबाईला बाहेर बोलवत.

"म्हण, पाणी."

"पानी."

"अगं, जीभ टाळूला लाव. पाणी!"

"पानी."

पाहुण्यांची हसून मुरकुंडी वळे. त्या रविवारी तिने पदराला हात पुसले. "ते अक्षर तुमचंच हाय, मास्तर. माझ्या तोंडात कुठून येनार?" एवढं म्हणून ती भांड्यांकडे गेली. जरा तरी लाज वाटायला हवी होती बाईला, असं मास्तरांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात ते म्हणाले, "व्याकरनाची वही काढा." पोरं फिदीफिदी हसली. मास्तरांनी जीभ टाळूला लावून पाहिली. पुन्हा 'न'च आला. डॉक्टरांना घशात काही दिसलं नाही. डॉक्टरही तसलाच, मास्तरांनी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी ते विहिरीवरून हातपाय धुऊन आत आले, तर उत्तराबाई कौतुकाने म्हणाल्या, "आज किती सुरेख वाचत होतात हो!"

"मी? मी तर विहिरीवर होतो."

"काहीतरीच. मग बाहेरच्या खोलीत कोण होतं?"

बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. मास्तरांनी बायकोच्या कानांना आणि अकलेला एकदमच नावं ठेवली. रात्री मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

चाचणीच्या दिवशी मुंबईला मायक्रोफोनसमोर आधी नाव सांगायचं होतं.

"त्र्यंबक गुने."

काचेपलीकडचा मनुष्य शेजाऱ्याकडे बघून हसला. पाहुण्यांसमोर मास्तर हसत, अगदी तसंच. पुढचं वाचायला कोणी सांगितलंच नाही.

भर दुपारी ते घरी परतले. दार आतून बंद होतं. आत कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होतं. आवाज त्यांचाच होता. खणखणीत. एकेक 'ण' ठसठशीत.

मास्तरांनी दार वाजवलं.

वाचन थांबलं.

"कोण आहे?" आवाजाने विचारलं.

"मी... गुने."

स्वयंपाकघरातून उत्तराबाईंनी विचारलं, "कोण आलंय हो?"

"कोणी नाही गं," आवाज म्हणाला. "कोणी एक गुने म्हणून आलेत."

उत्तराबाई पोट धरधरून हसल्या. हसत हसतच त्या दारापाशी आल्या आणि त्यांनी वरची कडीही लावली.