डाव्या नळीतलं पाणी

या, जरा जवळ सरका. आत आईचा आत्ताच डोळा लागलाय, म्हणून हळू सांगते. गोष्ट माझ्या धाकट्या भावाच्या मोटारसायकलची आहे. ती भुताखेताची आहे का, हे मला विचारू नका. पाणी शुद्ध करायच्या केंद्रात मी प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर काचेच्या नळ्या, औषधाचे थेंब आणि पाण्याचे रंग. देवावर माझा भरवसा आहे, तो सकाळ-संध्याकाळ हात जोडण्यापुरता नाही, चांगला पोटातून आहे. पण बाकी गोष्टींत डोळ्यांना दिसेल तेवढंच मांडायची मला सवय लागली आहे. तेव्हा दिसलं तेवढंच सांगते. वर एक शब्द नाही.

आम्ही तिघं भावंडं. थोरला दादा, मधली मी आणि धाकटा. वडील लवकर गेले, दादा आमचा बाप झाला. स्वतःचं लग्न त्यानं मागे टाकत टाकत शेवटी विसरूनच टाकलं. मला शिकवलं, धाकट्याला मोटारसायकल घेऊन दिली. गावाबाहेर दगडाची खाण आहे, तिथं तो मुकादम. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पापण्यांवरसुद्धा पांढरी पूड असायची. धाकटा म्हणायचा, "दादा, तू म्हातारा झालास की कुणाला कळणारच नाही."

धाकट्याचा सारा जीव गाडीत. पोर्चमध्ये जुनी वर्तमानपत्रं अंथरून त्याचं काम चालायचं आणि मला समोर बसवायचा. "तायडे, तो पाना आहे, आमटीतला डाव नाही. नीट धर." इंजिनचं तेल तर सगळेच बदलतात, पण पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपमध्येही तेल असतं, दोन्ही नळ्यांत, हे मला त्यानंच शिकवलं. ते तेल म्हातारं झालं की ब्रेक दाबल्यावर गाडी नाक खाली घालते. तो म्हणायचा, "याची आठवण कुणालाच राहत नाही. गॅरेजवालेही सांगितल्याशिवाय हात लावत नाहीत."

आणि असा हा पोरगा एक दिवस मला न सांगता निघून गेला.

मी कामावरून आले, तर दादा ओट्याशी पाणी पीत उभा होता. "गेला तो," म्हणाला. "लांब नोकरी लागली. सकाळी मीच स्टेशनवर सोडून आलो."

"मला न भेटता?"

"काल काय काय बोललीस त्याला, आठव."

आदल्या रात्री आमचं वाजलं होतं, हे खरं. किती दिवस दादाच्या जिवावर उड्या मारणार, असं मी बोलून गेले होते. कपाट उघडून पाहिलं तर त्याची बॅग नव्हती. फोन लावला तर बंद. पुढे दादा म्हणाला, "त्यानं नंबर बदललाय. नवा फक्त मला दिलाय, तुला द्यायचा नाही म्हणालाय." मग दादाच दर आठवड्याला अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाशी बसून सांगायचा, "फोन आला होता गं. बरा आहे. तुझी औषधं विचारत होता." आईचा चेहरा उजळायचा. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायची. लहानपणी ज्याला कडेवर घेऊन फिरले, त्यानं मला अशी परकी करून टाकावी, हे काट्यासारखं आत रुतून बसलं होतं. त्याच्यासाठी देवाकडे मागणंसुद्धा मी बंद केलं होतं.

गाडी तेवढी परत आली. धाकट्यानंच गॅरेजला टाकायला सांगितली होती, असं दादा म्हणाला. काही आठवड्यांनी आली ती नव्यासारखी. नवी सीट, नवे दिवे, इंजिनमध्ये नवं तेल, टाकीला नवा रंग. मला भरून आलं. निघून गेलेल्या भावाची गाडीसुद्धा दादा किती मायेनं जपतोय, असं वाटलं. त्यानं ती पोर्चमध्ये लावली, वर कापड घातलं आणि म्हणाला, "तो येईपर्यंत हात लावायचा नाही."

आता ऐका. माझी कामाची वेळ बदलली आणि बस मिळेना. गाडी नुसती उभी. मी कापड काढलं, किल्ली फिरवली, तर पहिल्याच किकला चालू झाली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. ब्रेक दाबला की पुढचं चाक खट्ट करून खाली बसायचं. मनात आलं, एवढं सगळं करून घेतलं, पण शॉकअपचं तेल राहिलंच. दादाला यातलं कुठलं कळायला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दादा खाणीवर गेला आणि मी पोर्चमध्ये वर्तमानपत्रं अंथरली. आईला चहा दिला, खोलीचं दार उघडंच ठेवलं. गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढे इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सारला. नळी गाडीत घट्ट असतानाच वरची टोपी आधी सैल करून घ्यायची, हे मला अजून पाठ होतं. मग चाक काढलं, मडगार्ड काढलं, दोन्ही नळ्या एकेक करून खाली ओढल्या.

उजवी आधी घेतली. टोपी तळव्यानं दाबत फिरवली, खालची स्प्रिंग अंगावर उसळू नये म्हणून. स्प्रिंग बाहेर ओढून कागदावर ठेवली आणि नळी परातीवर उलटी केली. काळं, पातळ, सडक्या मासळीच्या वासाचं तेल निघालं. जुनं तेल असंच असतं. नळी चारदोनदा आतबाहेर केली, आत होतं तेवढं पडलं, संपलं.

डावी उलटी केली, तर दुधाच्या चहासारखं काहीतरी आलं.

तेलात पाणी मिसळलं की असा रंग होतो. नळीच्या रबरी सीलची कड फाटलेली दिसत होती. धुताना पाणी गेलं असेल, म्हणून मी नळी हलवत राहिले. चहाचा रंग फिका होत गेला. मग नुसतं गढूळ पाणी येऊ लागलं, गार. पोर्चमध्ये ऊन होतं, नळीचं लोखंड हाताला तापलेलं लागत होतं आणि पाणी मात्र गार.

परातीच्या तळाशी पांढरा गाळ बसत होता, पिठासारखा. त्यात हिरव्या शेवाळाचा एक तंतू.

केंद्रातली तपासणीची छोटी पेटी माझ्या पिशवीत असतेच. चमचाभर पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. धुण्याचं पाणी नळाचं असतं, त्यात क्लोरीन असतं, म्हणून पिवळी झाक यायला हवी. आली नाही. नळी उजेडात धरून बराच वेळ थांबले. पाणी जसंच्या तसं राहिलं.

म्हणजे हे पाणी गावच्या नळाचं नव्हतं. कुठल्या तरी उघड्या, साचलेल्या, खोल जागेचं होतं. आणि तो पांढरा गाळ मी ओळखत होते. रोज संध्याकाळी दादाचे कपडे भिजत घातले की बादलीच्या तळाशी तोच बसतो.

परात भरली होती.

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. अशा नळीत पेलाभर तेल मावतं, त्याहून जास्त नाही. मी बादली आणली. नळी तिच्यावर धरली. तिच्यात आतबाहेर सरकणारी पोकळ दांडी दाबली की पाणी येत होतं, सोडली की थांबत होतं. घाईघाईनं नाही. अंगणातला हापसा हापसावा तसं. बादली अर्धी झाली. मी नळीच्या तोंडातून आत पाहिलं. तिकडे खालच्या बोल्टचं टोक दिसत होतं, कोरडं.

देवाचं नाव घेतलं आणि नळी भिंतीला टेकवून उभी केली. दांडी तळापर्यंत दाबून बसवली. नवं तेल भरण्याआधी ती तशीच दाबून ठेवायची असते. स्प्रिंग बाहेर कागदावर पडली होती. स्प्रिंग नसली की दांडी पडली तिथं पडून राहते. तिला वर ढकलायला आत दुसरं काही नसतंच.

दांडी हळूहळू वर आली.

मी तळव्यानं पुन्हा खाली दाबली. खालून माझ्या हाताला कुणीतरी तेवढंच दाबत होतं. फार जोरात नाही. पाण्याखालून वर येताना माणूस हात लावतो, तेवढंच.

फाटक वाजलं. दादा आला होता. गाडी उघडी पाहून कपाळाला आठ्या घालतच आला, "तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून." मग त्याची नजर परातीवर गेली. गाळावर. बादलीवर.

"हे कुठून काढलंस?"

"शॉकअपमधून. तेल बदलत होते."

तो वाकून भिंतीशी उभ्या नळीकडे पाहू लागला. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तिथंही तेल असतं?"

बघा, एवढंच बोलला. म्हणजे बाकी जिथं जिथं पाणी शिरलं होतं, ते सगळं त्यानं आधीच बदलून घेतलं होतं. पण आयुष्यभर ज्याच्या शब्दावर मी डोळे मिटून चालले, त्याचं सगळं बोलणं त्या एका वाक्यापाशी उसवलं.

"दादा, गाडी खाणीत कधी गेली होती?"

तो पायरीवर बसला. हातांवरची पूड एका हातानं दुसऱ्याची पुसत राहिला.

"धुकं होतं त्या दिवशी," म्हणाला. "मी डबा विसरलो होतो. तो द्यायला येत होता. वळणावर कठडा घालायचा राहिला होता. माझंच काम होतं ते. मी पोचलो तेव्हा खाणीत साचलेलं पाणी शांत झालेलं होतं."

"आणि?"

"गाडी निघाली. रात्री, खाणीच्या क्रेननं, मी एकट्यानं काढली."

"आणि तो?"

"तळाशी गाळ फार आहे गं."

"माणसं का नाही बोलावलीस?"

"कठड्याचं विचारलं असतं."

नळी भिंतीशी उभी होती. तोंडापर्यंत पाणी आलं होतं. सांडत नव्हतं.

"बॅग?"

"मीच लांब नेऊन टाकली."

"आणि ते फोन, दादा?"

त्यानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्या पाण्याचीही तपासणी करावीशी वाटली.

"आईला बरं वाटायचं," तो म्हणाला.

"आणि माझ्यावर रागावलाय म्हणालास, ते?"

तो पुन्हा हातांवरची पूड पुसू लागला.

धाकटा जाताना माझ्यावर रागावला होता की नव्हता, ते मला आता कधीच कळणार नाही. ज्याच्यासाठी मी प्रार्थना बंद केली, तो तेव्हा कुठे होता, हे दादाला रोज ठाऊक होतं. माझ्या हातचं जेवताना ठाऊक होतं. मी भांडी आपटायची तेव्हा ठाऊक होतं.

आतून आईचा आवाज आला. रोजचा, खणखणीत.

"अगं, त्याला आधी टॉवेल दे. दारात किती वेळ ओला उभा करणार?"

आम्ही दोघांनी दाराकडे पाहिलं.

दारात कुणी नव्हतं. पायरीवरून उंबरठ्यापर्यंतची फरशी ओली होती. आम्ही दोघंही कोरडे होतो.

दादा उठला आणि मागे न पाहता फाटकाबाहेर गेला. संध्याकाळी तो पोलीस चौकीवर जाऊन बसला होता, असं आम्हाला निरोप आला तेव्हा कळलं. पुढे पंप लावून खाणीतलं पाणी उपसलं. मीही कडेला उभी होते. तळ दिसला. गाळही उकरून झाला. डबा सापडला, झाकण घट्ट लागलेला. बाकी काही नाही. पोलिसांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, भाऊ नक्की इथंच बुडाला का.

दादाला भेटायला कोठडीत जाते मी. डबा नेत नाही. क्षमा करावी असं देवाचं सांगणं आहे, आणि ते खरंच असणार. पण माझं पाऊल अजून तिथवर पोचलेलं नाही.

त्या दिवसापासून आईनं धाकट्याच्या फोनचं एकदाही विचारलं नाही. तिच्या पलंगाशी एक खुर्ची ठेवायला सांगितली, एवढंच. खुर्चीच्या पाठीवर रोज झोपण्याआधी मी धुतलेला, उन्हात कडक वाळलेला टॉवेल टाकते. सकाळी तो मोरीत नेऊन पिळते. पिळताना खाली पांढरं पीठ उतरतं.

माझं मागणं मोठं नाही. आज डोळे मिटताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याच्या मागोमाग माझ्या धाकट्याचीही आठवण काढा. आणि आठवाल तेव्हा त्याला उन्हात आठवा. कोरड्या कपड्यांत.