डाव्या हातातले बुडबुडे

सोनोग्राफीच्या त्या अंधाऱ्या खोलीत आता नवं मशीन आलंय. तरी तपासणीचा थंडगार जेल हाताला लागला, की तिला हसू येतं. पहिल्याच भेटीत त्याने अंधारात तिचा पाय तुडवला होता.

"आई गं! डोळे आहेत की बटणं?"

"अंधार तुम्ही केलाय, डॉक्टर. मी नुसता पाय आणला!"

तो भूल देणारा डॉक्टर. वॉर्डातल्या मुलांचा झोपवाला काका. त्याच्या कडेवर एक चिमुरडी होती, त्याची कॉलर मुठीत धरून बसलेली. हृदयाला जन्मतःच भोक, सकाळी ऑपरेशन. त्याआधी हृदयावरून एकदा नजर फिरवायची, एवढंच तिचं काम.

त्याने चिमुरडीला खाटेवर निजवलं. पण पडद्यावर बघताना तिचा हात मध्येच थांबला. हृदयामागची एक शीर उगाचच फुगलेली दिसत होती... डावीकडून एखादी जादा शीर तिथे येऊन मिळत असेल तर? क्वचितच असते तशी. पण असली आणि सर्जनला ठाऊक नसली, तर ऐन ऑपरेशनात हृदयात रक्त भलतीकडून भरत राहणार.

"पण शिरेतून बुडबुडे सोडून बघायची तपासणी कालच झाली," तो म्हणाला. "सगळं ठीक होतं."

"सुई कुठल्या हातात होती?"

"उजव्या... नेहमीसारखी. मीच लावली."

"अहो, चोर डावीकडे आणि तुमचा पहारा उजवीकडे!"

तो हसला, आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. "मी तिला शब्द दिलाय — आता सुई नाही. तुमचा अंदाज चुकला तर?"

"तर मला हवं तेवढं बोला. पण न बघता हिला टेबलावर घेऊ नका... हात जोडते."

 तो चिमुरडीपुढे गुडघे टेकून म्हणाला, "बाळा, काका शब्द मोडतोय. काय शिक्षा करतेस?"

ती मुसमुसली. "नाक ओढणार. जोरात!"

"कबूल. बरी झालीस की ओढ."

डाव्या हातात सुई गेली. दोन सिरिंजांत घुसळून फेसाळलेलं सलाइन त्याने हळूच सोडलं. पडद्यावर पांढरे बुडबुडे उमटले... आधी त्या फुगलेल्या शिरेत, मग हृदयात!

"आहे! सापडली!" तिचे डोळे भरून आले. वळून बघते तर स्वारी तिच्याकडेच बघत होती.

"इकडे काय बघताय? पडद्यावर बघा."

"तिकडचं तुम्ही बघितलंत की..."

सर्जनने त्या शिरेची आधीच तजवीज केली आणि ऑपरेशन सुखरूप पार पडलं. चिमुरडी उठून बसली, तिने शिक्षा वसूल केली, आणि तो लालभडक नाक घेऊन थेट त्या अंधाऱ्या खोलीत आला.

"शब्द मोडणारा माणूस आहे मी, तुमच्यादेखत मोडलाय. तरी... तुम्हाला एक देऊ? जन्मभराचा?"

"आणि मोडलात तर?" तिने विचारलं.

त्याने नाक पुढे केलं.

केस पिकले आता दोघांचे. तो शब्द त्याने कधीच मोडला नाही. तरी ती अधूनमधून त्याचं नाक ओढतेच, काही कारण नसताना.