दहाव्याला दिलेला शब्द

यातली नावं मी बदललेली नाहीत. मृण्मयीच म्हणाली, "बदलू नकोस जयंती. खोटी नावं घातलीस की लोकांना गोष्टही खोटी वाटते."

मृण्मयी माझी मावसबहीण. ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, आणि तो स्वभावच झालाय तिचा. गॅस बंद केलाय हे तीनदा बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. भुताखेतांच्या गोष्टींना तर ती तोंडावर हसायची.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

जे काही घडलं ते लख्ख उजेडात घडलं...

शुक्रवार, ३० एप्रिल २०२१. सकाळचे अकरा. नेदरलँड्समधलं नोर्डवाइक, समुद्राकाठचं गाव.

त्या दिवशी मृण्मयीच्या सासूबाईंचा दहावा होता.

सासूबाई म्हणजे कुमुदिनीताई. पुण्यात एकट्याच राहायच्या. मुलगा एकुलता एक, श्रीहर्ष, तो इथे. थोरल्या नातीला, सलोनीला, त्यांनी पुण्यात दोन वर्षं अंगाखांद्यावर वाढवलं होतं. पण ऑक्टोबर २०२० मध्ये निहार झाला तेव्हा जग बंद होतं. बाळंतपणाला येण्यासाठी त्यांनी बॅग भरून ठेवली होती. वेखंड, बाळंतशेपा, धुरीचा ओवा, घरी काढलेलं खोबरेल तेल. आज व्हिसाची कचेरी उघडेल, उद्या उघडेल, असं करत ती बॅग सहा महिने दाराशी उभी होती.

निहारला त्यांनी फक्त फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. रोज फोन ठेवताना एकच वाक्य.

"एकदा माझ्या मांडीवर दे गं त्याला, मग मी सुटले."

एप्रिलच्या लाटेत त्या गेल्या. मांडी रिकामीच राहिली.

विमानं बंद. श्रीहर्ष स्वतः पॉझिटिव्ह, वरच्या माळ्यावरच्या खोलीत कोंडून घेतलेला, अंगात ताप. पुण्यात अग्नी दिला त्याच्या चुलतभावाने, विश्वासने, आणि तिसऱ्या दिवशी तोही ॲडमिट झाला. मग दहाव्याला उरलं कोण? सून. गुरुजी व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "आपद्धर्म आहे. तुम्हीच करा."

घर क्वारंटाइनमध्ये. बाहेर पडायला बंदी. तरीही मृण्मयी गेली. निहार छातीशी बांधलेला, पाच वर्षांची सलोनी हाताशी, आणि डब्यात भाताचा पिंड. घरामागच्या वाळूच्या टेकड्यांपलीकडे तिने पान मांडलं, फोन गवतात टेकवला. स्क्रीनवर एका चौकोनात गुरुजी, दुसऱ्यात श्रीहर्षचा सुजलेला चेहरा.

आता कावळा शिवायची वाट बघायची.

नोर्डवाइकच्या सीगल्स म्हणजे दरोडेखोर. हातातला बटाटा तोंडापर्यंत पोचू देत नाहीत. मृण्मयीला वाटलं होतं, त्यांना हाकलता हाकलता जीव जाईल.

पण त्या दिवशी किनाऱ्यावर एकही पक्षी नव्हता.

एकही नाही...

वीस मिनिटं गेली. वारा थंडगार. निहार रडून लालबुंद झाला. लांबून कुणीतरी कुत्रा घेऊन येताना दिसत होतं. गुरुजी म्हणाले, "ताई, घाई करू नका. नाहीच आला तर गवताचा कावळा करून शिववू. शास्त्रात चालतं."

तेवढ्यात श्रीहर्ष हुंदका देऊन बोलला. "मृण्मयी, आईचा जीव कशात अडकलाय ते तुला माहितीये. सांग ना तिला. प्लीज."

दहाव्याला कावळा शिवत नसला की आपण काय करतो? गेलेल्या माणसाला शब्द देतो. धाकटीचं लग्न करू, घर विकणार नाही, काय काय. मृण्मयीनेही दिला. कसंबसं उरकायचं म्हणून दिला. त्या एका वाक्यासाठी ती आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घेते.

"आई, तुमचा निहार तुमच्या मांडीवर देते. घ्या."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता...

कुठून आला कळलंच नाही. एक घास घेतला. आणि मग उडून न जाता तो तिथेच बसून राहिला, निहारकडे बघत.

निहारचं रडणं थांबलं.

स्क्रीनवर श्रीहर्ष सुटल्यासारखा रडला. मृण्मयीलाही हलकं वाटलं. खरं सांगते, तिला बरंच वाटलं.

निहारचा एक नेम होता. जन्मापासून रोज दुपारी चारला पोटदुखीने तास-दीड तास टाहो फोडायचा. त्या दुपारी चार वाजले. साडेचार वाजले. आवाज नाही. मृण्मयी स्वयंपाकघरात होती, बेबी मॉनिटर ओट्यावर.

मॉनिटरमधून आवाज आला.

थप... थप... थप...

कुणीतरी बाळाला थोपटत होतं.

तिला वाटलं, हर्ष खाली आला. संतापून ती जिन्याशी धावली. "अरे हर्ष, वेडा आहेस का? बाळाला हात लावू नकोस!"

वरून, माळ्यावरून, खोकल्याचा आवाज आला. "मी कुठे उठलोय?"

मॉनिटरमध्ये थोपटणं चालूच होतं. सावकाश. सवयीच्या हाताचं.

ती खोलीत शिरली आणि ते थांबलं. निहार गाढ झोपला होता. खोलीत वेखंडाचा वास येत होता, आणि तिच्या घरात वेखंड नव्हतं.

शनिवारी समोरच्या तिनेकेबाई सामान द्यायला आल्या. पंच्याहत्तरीच्या, प्रेमळ. पिशवी दाराशी ठेवून नियमाप्रमाणे चार पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हसून म्हणाल्या, "बरं झालं गं तुझी आई आली ते. पण विमानं तर बंद आहेत ना?"

"माझी आई?"

"मगाशी खिडकीतून दिसल्या. पांढरे केस, जांभळी साडी. बाळाला घेऊन चक्क जमिनीवर बसल्या होत्या, पाय लांब करून. या वयात गुडघे दुखत नाहीत का त्यांचे?"

इथल्या घरांना पडदे नसतात. रस्त्यावरून अख्खी बैठकीची खोली दिसते. मृण्मयी दहाच मिनिटं वर गेली होती, श्रीहर्षचं ताट जिन्यात ठेवायला.

बाळाला न्हाऊ घालताना बायका कशा बसतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

मृण्मयीने पिशवी तिथेच सोडली. आत येऊन तिने निहारला उचललं. त्याचं डोकं तेलाने चपचपीत होतं...

रविवारी निहारने दूध सोडलं.

रडत नव्हता. तापही नव्हता. नुसता पडून होता, गार, आणि खिडकीखालच्या रिकाम्या जमिनीकडे बघून मंद हसत होता. मृण्मयी त्याला छातीशी घ्यायची, तो मान फिरवायचा. स्वतःच्या पोटचं पोर आपल्याकडे पाठ फिरवतं तेव्हा काय होतं, ते ती सांगत होती आणि मला ऐकवत नव्हतं. तिने देव पाण्यात घातले. सासूबाईंच्या फोटोपुढे नाक घासलं. रागावली, शिव्याही दिल्या.

सलोनी शेजारी बसून चित्र रंगवत होती. सलोनीला मराठी कळतं, पण उत्तर येतं ते डचमध्ये. "आई" सोडून तिच्या तोंडून मराठी शब्द निघत नाही. तिने मान वर न करता म्हटलं,

"रडू नकोस गं बाई. पोर दचकतं."

स्वच्छ मराठीत. सासूबाईंच्या हेलात.

मृण्मयीने तिला गदागदा हलवलं. सलोनी घाबरून रडायला लागली, डचमध्ये.

मृण्मयीने गुरुजींना फोन लावला. सगळं सांगितलं.

"ताई, उद्या तेरावा आहे. उद्या त्या पुढच्या प्रवासाला निघतील."

"एकट्याच ना गुरुजी?"

पलीकडून पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"गुरुजी, एकट्याच निघतील ना?"

"दिलेला शब्द परत घेता येत नाही ताई," ते म्हणाले. "फार तर बदलून मागता येतो. त्यांनी घेतला तर."

सासूबाई वाईट होत्या म्हणावं तर तसंही नाही. सुनेला कधी टाकून बोलल्या नाहीत त्या. त्यांना फक्त नातू हवा होता, आणि मृण्मयीने तो "घ्या" म्हणून दिला होता. प्रेमाने आलेल्या माणसाला घराबाहेर कसं काढणार?

सोमवार, ३ मे. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, दुपारपर्यंत दूध घेतलं नाही तर थेट हॉस्पिटल. सकाळी नऊलाच मृण्मयीने भात शिजवला. सलोनीला टीव्हीसमोर बसवलं, दार बाहेरून लावलं, आणि निहारला बांधून ती टेकड्यांपलीकडे पळत सुटली. या वेळी गुरुजी नव्हते, फोन नव्हता, कुणीच नव्हतं.

पान मांडलं. पक्षी नाही...

"आई, भेट झाली ना? आता द्या परत."

काही नाही.

"तुमच्या नावाने अन्नदान करीन. वर्षश्राद्धाला पुण्याला येईन. हर्षला घेऊन काशीला जाईन."

काही नाही. निहारचा श्वास तिच्या गळ्याशी लागत होता. तो आता अगदी बारीक झाला होता. हात लावला तर हात गार.

तिने गवताचा कावळा करून पाहिला. गवत तुटत होतं. कसाबसा झाला तो, पिंडाला लावला. वाऱ्याने तो उचलला आणि लांब फेकून दिला.

मग ती वाळूत गुडघ्यांवर बसली. ती म्हणते, तेव्हा डोकं चालतच नव्हतं. पोराचा श्वास थांबतोय एवढंच कळत होतं. बुडत्याला काडीचा आधार, जे सापडलं ते तिने पुढे केलं.

"आई, त्याला नका नेऊ. एकट्या वाटत असेल तर मी येते तुमच्याबरोबर. पण आत्ता नको. मुलं लहान आहेत हो. मुलं मोठी झाली की येते. नक्की येते."

पंखांचा आवाज झाला...

तोच कावळा. पिंडावर बसला, घास घेतला. आणि या वेळी तो निहारकडे बघत नव्हता.

मृण्मयीकडे बघत होता.

निहारने टाहो फोडला. असा टाहो, की लांबवर फिरणारी माणसं वळून बघायला लागली. मृण्मयीने तिथेच वाऱ्यात त्याला पाजलं. वर आकाशात सीगल्स आल्या, कलकलाट करत, नेहमीसारख्या.

डॉक्टर नंतर म्हणाले, बाळालाही सौम्य कोविड झाला असेल, तीन दिवसांत बरा झाला. तिनेकेबाई म्हणाल्या, काचेवर ऊन होतं, मला नीट दिसलं नसेल. श्रीहर्ष म्हणतो, तू झोपलेली नव्हतीस चार रात्री. सगळ्यांचं सगळं बरोबर आहे. मीही मान डोलावली.

पण गेल्या ऑक्टोबरात निहारचा पाचवा वाढदिवस होता, आणि मी बेस्टहून, नेदरलँड्समधल्याच माझ्या गावाहून, गाडीने नोर्डवाइकला गेले होते.

केक कापून झाला. मुलं बाहेर खेळायला निघाली. निहारने पहिल्यांदाच स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधली, आणि नाचत ओरडला, "आई, लुक! मी आता मोठा झालो!"

सगळे टाळ्या वाजवत होते.

"नाही!" मृण्मयी एवढ्या जोराने ओरडली की टाळ्या थांबल्या. "नाही झालास. अजून लहानच आहेस तू!"

तिने खाली वाकून ती नाडी सोडली. आणि स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली.

खोलीत कुठूनतरी वेखंडाचा वास आला. मला आला. मी कुणाला विचारलं नाही.

रात्री भांडी पुसताना मात्र राहवलं नाही. "मृण्मयी, मुलं मोठी म्हणजे किती मोठी? तसं काही बोलली होतीस का तू तेव्हा?"

तिने हातातली ताटली खाली ठेवली.

"नाही ना," ती म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तपासल्या, आणि तेवढं एक बघायचं राहिलं."

परवा तिचा मेसेज आला. निहारचा पहिला दात हलायला लागलाय.